बाळाला घरी खेळवायचं कसं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. सोलापूर शहरातल्या 'जुळे सोलापूर' भागात राहते, आठ वर्षं बालवाडीत शिकवलंय, दोन पोरं वाढवलीत, आणि आता ओळखीत कुणाच्याही घरी पाळणा हलला की महिन्याभरात मला व्हॉइस मेसेज येतोच, "ताई, बाळाला खेळवायचं कसं?" तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त नंबर टाकलेत, म्हणजे एकच गोष्ट चार ठिकाणी सांगायला नको.

१. बाळ फक्त २० दिवसांचं आहे. एवढ्याशा जीवाशी खेळायचं म्हणजे नक्की काय करायचं?

तोंड दाखवायचं, बस. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात नीट दिसतं, म्हणजे मांडीवर घेऊन पाजताना तुमचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यापलीकडे पाळण्यावर टांगलेलं हजार रुपयांचं झुंबर त्याच्यासाठी धुक्यातच. बाळ जागं आहे, पोट भरलंय, शांत आहे असं बघून त्याला समोर घ्या आणि हळूच जीभ बाहेर काढा नाहीतर ओठांचा चंबू करा. आणि मग थांबा. इथंच सगळे चुकतात, दोन सेकंद थांबतात की लगेच चुटक्या, खुळखुळा, "ए सोन्या, बघ की इकडं" सुरू. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा.

माझी धाकटी पाच आठवड्यांची असताना मी तिच्यापुढं "ऊऊ" केलं आणि बसले. आधी काहीच नाही. मग एक भुवई हलली, डावा पाय ताठ झाला, मूठ उघडली, परत मिटली, कुकरची शिट्टी झाली म्हणून मी उठणारच होते तेवढ्यात तिनं ओठ गोल केले आणि घशातनं बारीक "घूं" काढलं. ती तिची पाळी होती. आता डाव परत माझ्यावर. बाळाचा प्रत्येक खेळ असाच चालतो, आधी तुमची पाळी, मग त्याची, आणि त्याच्या पाळीला वेळ लागतो. या वयाला पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ.

२. कुठल्या महिन्यात काय खेळायचं ते एकदा सांगून टाका ना.

सांगते, पण तारखा धरून बसू नका, दोघी बहिणींची पोरंसुद्धा सारखी वाढत नाहीत. पहिले दोन महिने चेहरा, आवाज आणि हाताचा स्पर्श, एवढंच. दीड-दोन महिन्यांच्या आसपास ते तुमच्याकडं बघून हसायला लागतं, तेव्हापासून उत्तरं जरा पटापट मिळतात. तीन-चार महिन्यांत हात सापडतो, मग सगळं हाताला आणि तिथनं तोंडाला, तेव्हा जुन्या सुती साडीचा रुमालाएवढा तुकडा, लाकडी पळी, हलकी वाटी हातात द्यायची. पाच-सहा महिन्यांत पालथं पडून कुशी बदलणं सुरू होतं, मग वस्तू हातभर लांब ठेवायची आणि त्याला धडपडू द्यायचं, लगेच हातात द्यायची नाही. बसायला लागलं की ताट-वाटी-चमचा, आवाज काढायचा कार्यक्रम. आठ ते दहा महिने म्हणजे लपवाछपवी, रांगणं आणि फेकाफेकी (त्याचं रडगाणं प्रश्न १० मध्ये). वर्षाच्या आसपास डब्यात घाल-डब्यातनं काढ, टाटा, टाळ्या, बोटानं "ते बघ".

आणखी हवं असेल तर केंद्र सरकारनं २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढलाय, जन्मापासून तीन वर्षांपर्यंत महिन्यांप्रमाणे १४० खेळ आणि कृती आहेत त्यात. अंगणवाडीतल्या ताईंना विचारून बघा.

३. पोटावर झोपवून खेळवा म्हणतात, पण आमचं बाळ लगेच रडायला लागतं. सक्ती करायची का?

सक्ती नाही, पण सोडूनही द्यायचं नाही. पोटावर असताना मान, खांदे, पाठ सगळं कामाला लागतं, पुढं बसायला आणि रांगायला हेच उपयोगी येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमध्ये न रांगणाऱ्या बाळांसाठी दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं सांगितलीत, बाळ जागं असताना. यातला "मिळून" हा शब्द कुणी वाचत नाही आणि पहिल्याच दिवशी अर्धा तास पालथं घालून ठेवतात. एका वेळी एक-दोन मिनिटं धरा, दुपटं बदललं की एकदा, मालिश झाली की एकदा, आणि पाजल्यावर लगेच नाही, नाहीतर सगळं बाहेर.

सुरुवात तुमच्या छातीवरनं करा. तुम्ही मागं टेकून आडवं व्हा, बाळ पोटावर, तोंड तुमच्याकडं. ते जमलं की जमिनीवर. गादीवर नको, ती खचते आणि बाळाला जोर लावता येत नाही. आपल्याकडं तर आयती सोय आहे, सोलापुरी चादर दुहेरी घडी करून फरशीवर टाका, जाड असते, गोळा होत नाही, आणि तिच्यावरची नक्षी म्हणजे बाळाच्या डोळ्यांना गडद रंगांची मेजवानीच. माझा मोठा चार महिन्यांचा असताना आमच्या मरून चादरीवरच्या पांढऱ्या मोराची शेपटी नखानं खरवडत बसायचा, खर्र खर्र, मोर काही निघायचा नाही पण त्या नादात रडायचं विसरायचा. समोर स्टीलचं चकचकीत ताट उभं करून ठेवलं की त्यात स्वतःचं तोंड बघायला मान वर होते. तुम्ही स्वतःसुद्धा समोर पालथं पडा, खांबासारखं उभं राहून वरनं "शाब्बास" म्हणू नका.

हे सगळं जागेपणी आणि समोर कुणीतरी असताना. डोळा लागला की लगेच पाठीवर, आणि चादर-गोधडी तोंडापासनं लांब.

४. खेळणी कुठली घ्यायची? काळी-पांढरी कार्डं घ्यायलाच पाहिजेत का?

घ्या, पण घेतली नाही तर बाळाचं काही अडत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत ठळक फरकाचे रंग बाळाला लवकर टिपता येतात हे खरं, पण ते काम काळ्या स्केचपेननं वहीच्या कागदावर काढलेले जाड पट्टेसुद्धा करतात.

दुकानातनं घ्यायचंच असेल तर आयएसआयचा शिक्का बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडं खेळण्यांना तो सक्तीचा आहे, तरी जत्रेत आणि रस्त्यावर बिनशिक्क्याचा माल मिळतोच. बटण सेलची खेळणी, ज्यांचं झाकण नखानं उघडतं, ती फुकट दिली तरी घरात नको, तो चपटा सेल गिळला तर अन्ननळीत अडकून दोन तासांतसुद्धा आतनं भाजू शकतं. छोटं लोहचुंबकसुद्धा घरात नको. आकाराचा अंदाज हवा असेल तर टिश्यू पेपर संपल्यावर आतली पुठ्ठ्याची नळी राहते ना, तिच्यातनं जे जातं ते तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात नको.

आमच्या घरी सगळ्यात जास्त चाललेली खेळणी: स्टीलचे एकात एक जाणारे डबे, लाकडी पळी, रिकामं ताट, आणि टॉवेल. टॉवेल सोलापुरात काय कमी आहेत का. तोंडावर टॉवेल, "बाळ कुठंय? बाळ कुठंय?... बुवाऽऽ कुक!", या खेळाला मी अजून कंटाळलेलं बाळ बघितलं नाही. टॉवेल आधी स्वतःच्या तोंडावर घ्या, बाळाच्या नंतर, आणि ओढायचं काम त्याला करू द्या.

५. बाटलीत शेंगदाणे घालून घरचाच खुळखुळा केला तर चालेल ना?

बाटली चालेल, शेंगदाणे नको. आपल्या सोलापुरात शेंगदाणा म्हणजे घरातला माणूस, चटणीला रोज लागतो, त्यामुळे भीती कुणाला वाटत नाही. पण लहान बाळाला दाढा नसतात, दाणा श्वासनलिकेत गेला की नुसता अडकत नाही, आत सूजही येते, आणि मग दुर्बिणीनं काढावा लागतो. मोठी पोरंसुद्धा चार-पाच वर्षांची होईपर्यंत अख्खा दाणा नको, कूट द्या. झाकण चिकटवलंय वगैरे ठीक आहे, पण बाळ ती बाटली दिवसातनं पन्नास वेळा आपटतं आणि पन्नासाव्या वेळी टेप सुटते.

हे मी घरी बघून सांगतेय. मोठा नऊ महिन्यांचा होता, सासूबाई चटणीसाठी दाणे निवडत बसल्या होत्या, सगळं आवरलं, झाडून घेतलं, आणि संध्याकाळी हा दिवाणाखाली पोटावर पडून काहीतरी चघळायलाय. तोंडात बोट घालून काढलं तर अख्खा दाणा, सालासकट. गिळला नव्हता म्हणून बरं. तेव्हापासनं रोज सकाळी मी स्वतः पोटावर पडून घर एकदा त्याच्या उंचीवरनं बघायला लागले, त्यात एक सेफ्टी पिन, दोन चुरमुरे आणि नवऱ्याचं शर्टाचं बटण सापडलं.

बाटलीत रंगीत पाणी आणि थोडं तेल घाला, झाकण फेविक्विकनं कायमचं बंद करा, आडवी लोटली की बुडबुडे पळतात. तरी नजर ठेवाच.

६. बाळाशी बोलत राहा म्हणतात, पण मला एकटीनं बडबडायला येड्यासारखं वाटतं. बोलायचं तरी काय?

जे करताय तेच. वेगळी गोष्ट, कविता काही लागत नाही. भाकरी करताना बाळाला गॅसपासनं चांगलं लांब, पण तुम्ही दिसाल असं खाली चादरीवर ठेवा आणि चालू करा: "पीठ घेतलं... पाणी घातलं... आता मळूया, मळूया, मळूया... आता काय? थापायचं! थप... थप... थप..." आणि हात वरच थांबवा. चार दिवस असं केलं की पाचव्या दिवशी तुम्ही हात थांबवला की ते पाय झाडतं, "पुढचं थप कुठंय?" असं विचारल्यासारखं. हा खेळच आहे, आणि तुमची भाकरीपण झाली.

आवाज थोडा वरच्या पट्टीत, शब्द लांबवून, तोच तोच शब्द परत परत, असं बाळाला जास्त आवडतं आणि शब्द पकडायलाही सोपं जातं. म्हणजे आपल्या आज्या करायच्या तसंच. काऊ, चिऊ, हम्मा, भूर, मम्मं या शब्दांना लाजायचं काही कारण नाही, त्यातले अर्धे बाळाला आधी म्हणता येण्यासारखेच आहेत. बाळानं "बा बा बा" केलं तर "हो का? बा बा? मग पुढं काय झालं?" असं विचारून थांबा (थांबायचं किती ते प्रश्न १ मध्ये). बाबा लोकांना जमत नाही म्हणतात, त्यांनी क्रिकेटचा स्कोअर सांगावा, बाळाला चालतं.

७. आमच्याकडं सासू तेलुगू, मी मराठी, शेजारी कन्नड. बाळाचा गोंधळ होऊन बोलायला उशीर होईल का?

नाही. सोलापुरातल्या निम्म्या घरांचा प्रश्न आहे हा, पूर्व भागात तर गल्लीगल्लीत. दोन-तीन भाषा कानावर पडल्यानं बाळ मागं पडत नाही. एका वाक्यात दोन भाषा मिसळतील, "अम्मा, पाणी दे की" टाइप, तो गोंधळ नाही, हाताला लागला तो शब्द उचलला एवढंच. शब्द मोजायचे असतील तर सगळ्या भाषांतले मिळून मोजा. आजीला आजीच्याच भाषेत बोलू द्या, तिला मोडकं मराठी बोलायला लावलं तर तिची गाणी आणि चेष्टामस्करी सगळं जातं आणि बाळाला मिळतं फक्त "इकडं ये, तिकडं जा". तरीही बाळ कुठल्याच भाषेत आवाज काढत नसेल तर भाषेवर ढकलू नका, प्रश्न १८ वाचा.

८. मोबाईल लावल्याशिवाय बाळ जेवतच नाही. दिवसातनं अर्धा तास चालतो का?

जागतिक आरोग्य संघटना एक वर्षाखाली अजिबात नको म्हणते, भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत नको म्हणते. व्हिडिओ कॉल मात्र चालतो, पुण्यातली मावशी समोरनं उत्तर देते ना, तिथं पाळी-पाळी होते. गाण्याचा व्हिडिओ बाळाची वाट बघत नाही, तो पुढं पळतो.

आणि जेवायचं म्हणाल तर स्क्रीन बघताना बाळ खात नाही, आपण भरवतो. त्याला भूक आहे का, पोट भरलं का, हे त्यालाच कळत नाही. सुटका अशी केली: दुसरा चमचा बाळाच्या हातात, ताटात मऊ भात किंवा शिजवलेल्या गाजराची फोड, आणि खाली जुनं वर्तमानपत्र. पहिले तीन-चार दिवस रडारड, निम्मं अन्न केसात, तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पोरगं उपाशी मारते ही." पाचव्या दिवशी खाल्लं. हे सहा महिन्यांनंतरचं बोलतेय, त्याआधी आईचं दूध सोडून चाखवायचे खेळ नकोत, आणि मधाचं बोट तर वर्ष होईपर्यंत मुळीच नाही.

तुम्ही आजारी आहात, घरात कुणी नाही आणि दहा मिनिटं लावला तर आभाळ कोसळत नाही. रोजचं नको.

९. खेळता खेळता बाळ तोंड फिरवतं, शिंका देतं, मग एकदम रडतं. आवडत नाही का त्याला?

आवडत होतं, आता बास झालं. तोंड फिरवणं, जांभई, डोळे चोळणं, पाठ ताणणं, बोटं फाकवणं, ही सगळी "थांब जरा" ची भाषा. आपण काय करतो, बघत नाहीये म्हणून खुळखुळा आणखी जोरात. तसं करू नका. गप्प बसा, हात त्याच्या पोटावर ठेवा. बऱ्याचदा अर्ध्या मिनिटानं ते आपणहून परत वळतं. नाही वळलं तर खेळ संपला. पाहुणे आले की हे फार होतं, सहा जण सहा बाजूंनी टाळ्या वाजवतात आणि संध्याकाळी म्हणतात नजर लागली.

१०. नऊ महिन्यांचं आहे, हातात दिलेलं प्रत्येक खाली फेकतं. उचलून उचलून कंबर गेली. मुद्दाम करतंय का?

मुद्दामच करतंय, पण तुम्हाला छळायला नाही. या वयाला त्याला पहिल्यांदाच पक्कं कळायला लागलेलं असतं की वस्तू दिसेनाशी झाली तरी ती कुठंतरी असते. मग ते तपासून बघतं. वाटी पडली, ठण्ण वाजली. रुमाल पडला, वाजला नाही. आई वाकली. परत वाकली. एवढी गंमत फुकटात मिळतेय तर सोडेल कोण.

तोच तोच खेळ शंभर वेळा मागतं त्याचंही हेच. आपण कंटाळतो, ते नाही. तुमची कंबर वाचवायची असेल तर बाळालाच खाली चादरीवर बसवा, शेजारी टोपली द्या आणि पाच-सहा वेगवेगळ्या वस्तू, फेकायच्या तर टोपलीत. वस्तूला लांब दोरी बांधून ठेवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, दोरी गळ्याभोवती जाते. आणि खेळ थोडा पुढं न्या, त्याच्यासमोर वाटीखाली झाकण लपवा, सापडलं की दुसऱ्या वाटीखाली लपवा. गंमत म्हणजे आठ-नऊ महिन्यांची बरीच बाळं डोळ्यांदेखत बघूनसुद्धा पहिल्याच वाटीखाली शोधतात. हसू येतं, पण चिडवू नका, थोडं मोठं झालं की बरोबर शोधतं.

११. एप्रिल-मेमध्ये बाहेर काढता येत नाही, घरात दिवस जात नाही. काय करायचं?

४२-४३ ला पारा गेला की मोठ्यांचीच चिडचिड होते, बाळाची का नाही होणार. सकाळी आठच्या आत नाहीतर सूर्य कलल्यावर गॅलरीत एक चक्कर. दुपारी पाण्याचा खेळ, बसता येणाऱ्या बाळासाठी. परातीत दोन बोटं पाणी, त्यात वाटी आणि प्लास्टिकचा चमचा, खाली टॉवेल. पाणी हातानं चापटायचं, वाटीतनं ओतायचं, ओल्या हाताचा ठसा फरशीवर उमटवायचा आणि तो वाळून कुठं गेला ते बघायचं, उन्हाळ्यात तो मिनिटभरात गायब होतो. झालं की ते पाणी कुंड्यांना, आपल्याकडं पाणी सांडायला कुणाकडं आहे.

आता महत्त्वाचं. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून घराघरात पिंपं, टिपं, बादल्या काठोकाठ भरून असतात. रांगणारं बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, डोकं जड असतं, उलटं पडलं की त्याला वर येता येत नाही, आणि आवाजही होत नाही. दोन इंच पाणीसुद्धा पुरतं. झाकणं घट्ट, बाथरूमला बाहेरनं कडी, आणि पाण्याच्या खेळात फोन वाजला तर बाळाला उचलून घेऊन जायचं.

लाइट गेली तर मोबाईलचा टॉर्च भिंतीवर मारून हातांच्या सावल्या. टॉर्च बाळाच्या डोळ्यात मारायचा नाही एवढंच.

१२. वॉकर घेऊ का? लवकर चालेल म्हणतात.

नको. बाळ त्यात चालत नाही, टाचा उचलून बोटांनी ढकलतं, आणि उंबरा, जिना, गॅसपर्यंत काही सेकंदांत पोचतं. कॅनडानं २००४ मध्ये असल्या वॉकरवर सरळ बंदी घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात बाळ बसत नाही, उभं राहून ढकलतं, तो आपणहून उभं राहायला लागल्यावर आणि सोबत कुणीतरी असेल तर चालतो.

१३. आणि साडीची झोळी? त्यात तर बाळ तासन्‌तास शांत राहतं.

शांत राहतं कारण हलताच येत नाही. झोका देऊन शांत करा, पण खेळायची जागा जमीन. झोळीत, गाडीत, खुर्चीत बांधून एका दमात तासाच्या वर नको. झोळीत हनुवटी छातीला टेकली तर श्वास कोंडू शकतो, म्हणून झोळीत ठेवून दुसऱ्या खोलीत कामाला जायचं नाही.

१४. आजोबा बाळाला वर उडवून झेलतात. बाळ खूप हसतं. चालतं का?

नाही, हसत असलं तरी नाही. मानेचे स्नायू कच्चे, डोकं जड, जोरात हिसका बसला तर मेंदूला इजा होते. रडतंय म्हणून गदागदा हलवणं तर कधीच नाही, राग आला तर बाळाला सुरक्षित ठेवून दोन मिनिटं बाहेर जा. आजोबांना नाही म्हणायचं कसं हा खरा प्रश्न आहे, मी दुसरं काम दिलं. मान धरायला लागल्यावर मांडीवर बसवून दोन्ही बाजूंनी धरायचं आणि गुडघे हळू हलवत घोडा-घोडा, "टुक टुक टुक टुक... थांब!" आणि थांबायचं. बाळ अंग पुढं रेटून "चालव" सांगतं. आजोबा खूश.

१५. मी घरी विड्या वळते, दिवसाचा हिशोब पूर्ण करायचा असतो. खेळवायला वेळ कुठनं आणू?

वेगळा वेळ काढूच नका. मालिश, आंघोळ, लंगोट बदलणं, पाजणं हे तसंही करावं लागतं, त्यात खेळ घाला. लंगोट बदलताना "हा पाय कुणाचा?" म्हणून थांबलात तरी खेळ झाला. असे पाच-पाच मिनिटांचे आठ तुकडे झाले तर दिवस भरला. मधल्या वेळात बाळ चादरीवर एकटं आपल्या हाताकडं बघत पडलं असेल तर पडू द्या, तेही त्याचं कामच चाललंय, मध्ये जाऊन तोडायचं नाही. नोकरीवर जाणाऱ्यांनाही हेच उत्तर.

फक्त एक, कळकळीनं सांगते. सूप मांडीवर आणि बाळ शेजारी असं नको. तंबाखूची भुकटी हवेत असते, जमिनीवर सांडते, आणि बाळ हात चाटतं. थोडा तंबाखू पोटात गेला तरी बाळाला विषबाधा होऊ शकते. बाळ दुसऱ्या खोलीत किंवा दाराबाहेर ओट्यावर आजीजवळ, आणि त्याला घ्यायच्या आधी साबणानं हात, जमलं तर वरचा कपडा बदलून.

१६. पहिली संक्रांत आहे. बोरनहाण घालायचंय आणि गड्ड्यालाही (सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेला) न्यायचंय. काही काळजी?

बोरनहाण घाला, फार गोड प्रकार आहे. पण ओतायचं काय ते ठरवा. बोरं, शेंगदाणे, हलवा, गाठी, उसाचे करवे, सगळं नेमकं घशात अडकायच्या मापाचं. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर डोक्यावरनं झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या सोडा, पाकळ्या पडताना बघणं हाच त्याचा खेळ, आणि एखादी तोंडात जाण्याआधी काढून घ्या. बोरं-चुरमुरे जमलेल्या मोठ्या पोरांना दुसऱ्या कोपऱ्यात लुटू द्या, नंतर फरशी झाडून, पुसून, पोटावर पडून बघून मगच बाळ खाली (प्रश्न ५). हलव्याचे दागिने फोटोपुरते, गळ्यातला हार तर लगेच काढा.

गड्ड्याचं म्हणाल तर होम मैदानावर संध्याकाळी पाळणे, भोंगे, पिपाण्या, सगळं एकदम चालू असतं. लहान बाळाला त्यातलं काही कळत नाही, नुसतं कानावर आदळतं. सकाळी लवकर सिद्धेश्वराचं दर्शन, तळ्याकाठी दहा मिनिटं, पाण्यावरची चमक दाखवायची आणि घरी. शोभेच्या दारूकामाला नको. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) बघायचेत तर मिरवणुकीच्या रस्त्यावर कुणाच्या तरी गच्चीतनं. येताना पिपाणी घेतलीत तर ती तुमच्यासाठी, बाळाच्या कानापाशी वाजवू नका.

१७. बाळ दोन महिने आधी झालं. आता पाच महिन्यांचं आहे पण तीन महिन्यांच्या बाळासारखं करतंय.

मग बरोबर करतंय. लवकर जन्मलेल्या बाळाचं खेळाचं वय जन्मतारखेपासनं न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपासनं मोजतात, म्हणजे पाच वजा दोन, तीन. साधारण दोन वर्षांपर्यंत असंच धरायचं. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. अशी बाळं लवकर थकतात, त्यामुळे प्रश्न ९ मधल्या खुणा तुम्हाला जास्त बघाव्या लागतील, आणि एका वेळी एकच गोष्ट, एकतर चेहरा नाहीतर आवाज.

१८. खेळत नाही म्हणून डॉक्टरांकडं कधी जायचं?

तीन महिने झाले तरी चेहऱ्याकडं बघून हसत नाही किंवा नजर फिरवत नाही. चार महिन्यांनंतरही मान धरत नाही. नऊ महिन्यांत नावाला वळत नाही, आधार देऊनही बसत नाही. वर्षाचं झालं तरी बा-बा, दा-दा नाही, टाटा नाही, हातवारे नाहीत. एकच हात वापरतं. आणि कुठल्याही वयात, येत असलेली गोष्ट यायची बंद झाली तर त्याच आठवड्यात जा. "आमच्याकडं सगळे उशिराच बोलतात" हे ऐकून सहा महिने घालवलेली घरं मी बालवाडीत पुष्कळ बघितलीत.

पाठीमागनं टाळी वाजवून कान तपासू नका, बाळ सावलीला किंवा वाऱ्यालाही वळतं. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा, त्यात कुठल्या महिन्यात काय यायला हवं त्याची चित्रं आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आशा ताई किंवा अंगणवाडीतनं रस्ता कळतो.

१९. काजळ, गळ्यातला ताईत, काळे मणी खेळताना असू दे का?

गळ्यात काही नको, अडकतं. मनगटातले मणी तुटले की तोंडात. काजळ डोळ्यात नको, त्यात शिसं असू शकतं. तीट लावायचीच तर तळपायाला लावा, नजर तिथनंही उतरते.

२०. मोठी चार वर्षांची आहे, बाळाला खेळवायला घेतलं की मध्ये येते, खेळणं ओढते. दोघांना कसं सांभाळू?

तिला बाजूला करू नका, कामाला लावा. आमच्या मोठ्याला मी "आवाजवाला" केलं होतं. धाकटीला पालथं घातलं की हा समोर पोटावर पडायचा आणि म्हैस, रिक्षा, प्रेशर कुकर, सगळे आवाज काढायचा. लहान बाळाला मोठ्या पोराइतकं हसवणं आपल्याला जमत नाही. नियम दोनच ठेवले: बाळाला उचलायचं नाही, आणि तोंडात जाईल असं काही द्यायचं नाही, ते आधी आईला दाखवायचं (पुठ्ठ्याची नळी प्रश्न ४ मध्ये आहे, मोठ्या पोरांना वस्तू त्यातनं घालून बघायला भारी आवडतं). बाळ झोपलं की रोज दहा मिनिटं फक्त मोठीची, तेव्हा बाळाचं नावसुद्धा काढायचं नाही.

थांबायचं मात्र मोठ्या पोरांना जमत नाही, ती दहा आवाज एका दमात काढतात. मी त्याला बोटं मोजायला शिकवलं. तो एक रिक्षा काढायचा, मग दहा बोटं मुडपत ओठ घट्ट मिटून बसायचा, नाकपुड्या फुगलेल्या, आणि सातव्या-आठव्या बोटाला धाकटी फुर्र करून थुंकी उडवायची त्याच्या तोंडावर. "आई, हिनं पण रिक्षा काढली!"